चौकशीचा माणूस

कुरुळीच्या सार्वजनिक वाचनालयात चपला घालून गेलेलं चालायचं, तोंडात तंबाखू धरून गेलेलं चालायचं, पण वहीत सही केल्याशिवाय आत पाऊल टाकलेलं चालायचं नाही. हा धोंडीबातात्यांचा कायदा. नाव, गाव, फोन नंबर, किती वाजता आलात, कशाला आलात. सरपंच आला तरी सही. तात्यांची बायको दुपारचा डबा घेऊन यायची, तिलाही अंगठा उठवायला लावायचे. वहीच्या प्रत्येक पानावर तात्यांनी स्वतःच्या हातानं आकडे घातलेले, एक ते दोनशे. का, तर उद्या कुणी पान फाडलं तर कळलं पाहिजे. अहो, कुरुळीच्या वाचनालयातल्या वहीचं पान कोण फाडणार? पण तात्यांना हे सांगायला जावं, तर ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "सुरक्षितता म्हंत्यात ह्याला. तुमाला न्हाई कळायचं."

एवढी सुरक्षितता त्यांच्या डोक्यात शिरली कशी, ते ऐका.

तात्या भोसरीला एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर होते. मशीननं उजव्या हाताची दोन बोटं नेली आणि मालकानं उरलेला माणूस घरी पाठवून दिला. गावात येऊन बघतात तर गाव ओळखू येईना. ज्वारीच्या रानात गोदामं उभी, रस्त्याला कंटेनरच्या रांगा, आणि ज्यांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या त्यांनी कामगारांसाठी खोल्यांवर खोल्या चढवलेल्या. त्यातलं बडं प्रस्थ म्हणजे सोपानराव. सहा इमारतींचा मालक. त्यांच्याच एका इमारतीच्या तळमजल्यावर गावानं वाचनालय काढलं आणि तात्यांना खुर्चीवर बसवलं. आठ बोटांच्या माणसाला पुस्तकं तरी सांभाळता येतील, एवढाच विचार.

तात्यांना एक लेक होती, इंद्रायणी. होती म्हणजे आहे, पण कशी आहे ते कळेलच. बारावीला तालुक्यात वर आलेली, दिवसाला एक पुस्तक फस्त करणारी. एक दिवस राजगुरुनगरकडून स्थळाच्या चौकशीला माणूस आला. आपल्याकडे अशी माणसं यायचीच. पानटपरीवर विचारायची, गिरणीत विचारायची, शेजाऱ्याला विचारायची, पोरगी कशी आहे, घर कसं आहे. त्या माणसाला सगळ्यांनी चांगलं सांगितलं. तात्यांनी तर छाती फुगवून सांगितलं. वीस वर्षांची व्हायच्या आत पोरगी उजवली. आज इंद्रायणी सणाला येते, कडेवर एक आणि बोटाला एक, आणि वाचनालयाच्या दारावरून तशीच पुढं जाते. तात्या ती दिसेनाशी होईपर्यंत दारातून बघत राहायचे. आपण चांगलं बोललो आणि पोर हातानं घालवली, हे त्यांनी एकदा मनात धरलं ते धरलंच.

मग साधना आली. सोपानरावांची धाकटी. दहावीत असताना वाचनालयात शिरली ती पुढची नऊ वर्षं रोज शिरत राहिली. कथाकादंबऱ्या तिनं पहिल्याच वर्षी संपवल्या. नंतर तिला नाद लागला तो परराष्ट्र धोरणाचा, सीमेचा, हेरखात्याचा. शेजारचा देश असा का वागतो, कराराच्या मेजावर कोण कुणाला फसवतं, लष्कराला बातमी कुठून मिळते, आणि त्या खात्यात माणूस शिरतो कसा. कुरुळीच्या पोरीला असला नाद! बापाला वाटलं, जाईल चार दिवसांत. तात्यांना वाटलं, आपली इंद्रायणी परत आली.

दर महिन्याला तात्या बस बदलून दिघीला जायचे. लष्कराच्या हद्दीशेजारी एक रद्दीवाला होता. साहेबलोकांची बदली झाली की सामान हलकं करताना पुस्तकं त्याच्याकडे यायची, परराष्ट्र धोरणाची जाड जाड, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींची, भरतीच्या मार्गदर्शनाची. तात्या पोतंभर घेऊन यायचे, पाठीवरून. इंग्रजीतलं साधना वाचून त्यांना समजावून सांगायची, मराठीतलं ते स्वतः वाचायचे, आणि आवडलं तिथं लाल पेन्सिलीनं रेघ मारायचे. नऊ वर्षांत म्हातारा एवढा तयार झाला की चिंबळी फाट्यावर कुणी दोनदा दिसला तरी पाळतीवर आहे म्हणायचा. लोक त्यांना तोंडावर 'डोवालसाहेब' म्हणायचे नाहीत एवढंच, बाकी हसायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"साधने, ह्या कामात पयली गोष्ट तोंड," ते तिला शिकवायचे. "आईला न्हाई सांगायचं, बापाला न्हाई सांगायचं. मला बी न्हाई. मी इचारलं तरी न्हाई."

"तुम्हालाही नाही, तात्या?"

"मला आदी न्हाई."

पोरगी हुशार. ऐकलं. तात्यांच्याच सांगण्यावरून तिनं मोबाइलवर चिनी भाषासुद्धा शिकायला घेतली, कारण एका पुस्तकात लिहिलं होतं की ती येणाऱ्याला त्या खात्यात मान आहे. मधे सहा महिने चाकणच्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीही केली. पण तिचं सगळं लक्ष दिल्लीच्या एका खात्याकडे. खात्याचं नाव मी सांगणार नाही, तिनंही कधी उच्चारलं नाही. परीक्षा झाली, हे घरात कळलं. पुढचं कुणालाच कळलं नाही. सोपानरावांनी मात्र सगळ्यांसमोर अट घातली, "दिवाळीपातुर. तवर आलं पत्र तर जा तुझ्या दिल्लीला, मी आडवा येनार न्हाई. न्हाई आलं तर मी दाखवीन त्या घरात जायचं. मंग रडायचं न्हाई." साधनानं मान हलवली. बापाचा शब्द पक्का होता, दोन्ही बाजूंनी.

आणि मग पितृपंधरवड्यात एका दुपारी तो माणूस आला.

पन्नाशीचा, चौकडीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल, पायात साध्या सँडल. कुठल्याही घरचा मामा शोभावा असा. आधी समोरच्या गिरणीत सोजराबाईशी बोलला, मग वाचनालयात आला. तात्यांनी वही पुढं केली. त्यानं निमूटपणे नाव, गाव, नंबर लिहिला आणि खुर्ची ओढून बसला.

"सोपानरावांची मुलगी साधना. तिच्याबद्दल थोडी माहिती हवी होती."

तात्यांनी चष्मा वर सरकवला. "कशासाटी?"

"एका स्थळाच्या संदर्भात, असं समजा."

"पोरगा काय करतो?"

"बाहेर असतो."

आता पितृपंधरवड्यात स्थळ बघायला कोण बाहेर पडतं? हा प्रश्न तात्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण शहाणपण आडवं आलं. पोरगा बाहेर, म्हणजे परदेशात. असल्या लोकांना कुठली तिथी आणि कुठला पक्ष! सोपानरावानं दिवाळीची वाट न बघताच पोरीचा सौदा लावला, बापाच्या जातीवर गेला, असं त्यांनी धरलं. त्यांच्या डोळ्यापुढं कडेवर एक आणि बोटाला एक अशी साधना उभी राहिली.

मोडायचं. हे स्थळ इथल्या इथं मोडायचं. गावात जन्मलेल्या-वाढलेल्या माणसाला स्थळ मोडायला काय लागतं?

"स्वभावानं कशी आहे?" माणसानं विचारलं.

"लई तापट. आन आतल्या गाठीची. हिच्या पोटात काय हाय ते आईलाबी पत्त्या न्हाई."

"मित्रमंडळी? परदेशात कुणी ओळखीचं, जाणं-येणं, फोन?"

बघा, तात्यांना वाटलं, बरोबर जागेवर आला. परदेशातल्या मुलाला काय खुपेल ते याच प्रश्नात आहे. पुस्तकांत त्यांनी वाचलं होतं की खोटं पचवायचं असेल तर त्यात खऱ्याचा तुकडा मिसळावा. नऊ वर्षं वाचलेलं वाया थोडंच जाणार!

"आता तुमी इचारलं म्हनून सांगतो, माझं नाव कुटं घेऊ नका. पोरगी कंपनीत व्हती सा म्हैनं. तितं मशिनी बसवायला चीनचा एक इंजनेर आल्ता. त्याच्यासंगं जुळलं. त्यो गेला, पर फोन चालूच हाय. घरात बसून चिनी भाषा शिकतीया. कशाला वो? कुरुळीत कोन बोलतं चिनी?"

माणसाचा पेन थांबला. "त्याचं नाव माहीत आहे?"

"आमाला कुटलं त्येंची नावं उच्चारता येत्यात."

"नक्की फोनवर बोलते?"

"माज्यासमोर बोलती," तात्या म्हणाले आणि डोळा सुद्धा हलू दिला नाही. "कागद दाखवती, फोटू पाठवती. काय पाठवती त्ये तिलाच ठावं."

माणूस बराच वेळ लिहीत बसला. मग उठला, नमस्कार केला, गेला. तात्या त्या दिवशी इतके खुशीत होते की बायकोनं डबा आणल्यावर तिचा अंगठासुद्धा मागितला नाही. एक पोर घालवली होती, दुसरी राखली. स्वतःचा हात स्वतःच्याच पाठीवर पोचत नव्हता म्हणून, नाहीतर शाबासकी दिली असती.

दहा दिवसांनी साधना आली. दार लोटून घेतलं. चेहरा असा उजळलेला की तात्यांना वाटलं, मोडल्याचं कळलं वाटतं पोरीला.

"तात्या, आता राहवत नाही म्हणून सांगते. कुणाला बोलू नका. मुलाखतसुद्धा झाली. निवड झाली माझी. आता फक्त घरची, गावातली चौकशी राहिली. नात्याबाहेरच्या दोन माणसांची नावं द्यायची होती. एक कॉलेजच्या सरांचं दिलं, एक तुमचं. तुम्हाला आधी सांगितलं नाही. तुम्हीच शिकवलंत ना, मला आधी नाही!" आणि हसली. "कुणी येऊन गेलं का?"

हाच क्षण होता. इथं तोंड उघडलं असतं तर पोरगी आरडाओरडा करती, शिव्या देती, पण दिल्लीला धावत गेली असती, सरांना घेऊन, कंपनीच्या साहेबाचा दाखला घेऊन, काहीतरी केलं असतं. वेळ होता. मला पुढं हे कळलं तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, वेळ होता. तात्यांनी तिच्याकडे बघितलं. नऊ वर्षांत तिनं त्यांच्याकडे जसं बघितलं तसं जगात कुणी बघितलं नव्हतं. ती नजर गमवायची त्यांची छाती झाली नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "कोन आलं न्हाई."

"येतील मग. तुम्ही फक्त खरं सांगा. तुमच्याएवढं मला कोण ओळखतं?"

ती गेल्यावर तात्यांनी वही उघडून तो नंबर फिरवला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं बाई तीनदा तीन भाषांत म्हणाली. मग ते कपाटाकडे गेले. एक जुनं पुस्तक काढलं, एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींचं, दिघीच्या रद्दीतलं. उमेदवाराच्या चौकशीवरचा भाग शोधला. तिथं लिहिलं होतं की खेड्यात आपली ओळख सांगू नये, स्थळाचं निमित्त केलं की लोक मोकळेपणी बोलतात. त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. शेजारी तात्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'वा!'

त्यांनी दिल्लीला पत्र लिहायला घेतलं, की मी खोटं बोललो, पोरगी निर्मळ आहे. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं, माणूस खात्याचा होता हे मला कळलं कसं म्हणून विचारतील, तर तिनंच सांगितलं म्हणावं लागणार. म्हणजे तोंड न सांभाळणारी म्हणून ती पुन्हा गेली. पत्र फाडलं. त्याच्यापाठोपाठ वहीतलं ते पानही फाडलं. सत्त्याऐंशी नंबरचं. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला म्हणून शाळेच्या पोरांचे कान उपटणाऱ्या माणसानं!

दिवाळी आली, गेली. पत्र आलं ते तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. दोन ओळी. निवड रद्द, कारण काही नाही. सोपानरावांनी इमारतीभर पेढे वाटले, म्हणाले, "देवानं पोर घरात राखली." साधना आठ दिवस खोलीबाहेर आली नाही. आली ती सरळ गिरणीत; पितृपंधरवड्यात एक माणूस तिथं चौकशी करून गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

सोजराबाई म्हणजे गावची नामांकित स्थळमोडी. तिनं मोडलेल्या लग्नांची वरात काढली तर मोशीपर्यंत जाईल. साधनानं भर दुपारी, दळणाच्या रांगेत, तिच्या झिंज्या धरल्या.

"काय सांगितलंस त्या माणसाला? काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

"सोड, सोड गं बया! चांगलं सांगितलं, माझ्या लेकराची आन!" सोजराबाई पिठानं माखलेली, डोळ्यांत पाणी. "म्या तवाच वळाकलं त्यो सरकारी हाय म्हनून. पितराच्या पंधरवड्यात कोन स्थळ बगतं का? म्हनलं, पोरीचं कल्यान हुतंय तर आपन आडवं कशाला पडा. जल्मात एकदा चांगलं बोलले मी. माज्याकडनं त्यो तुज्या तात्याकडं गेला. अर्दा तास बसला. त्याला इचार जा!"

"तात्यांचं नाव घेशील तर जीभ हासडीन," साधना म्हणाली आणि सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली.

वाचनालयाची खिडकी बरोबर समोर. तात्या आत बसून बघत होते. उठले नाहीत. सोजराबाई मार खात होती ती त्यांच्या वाटणीचा, आणि म्हातारा वहीवर चष्मा रोखून बसला होता. थू असल्या बसण्यावर.

पण साधनाही त्यांचीच शिष्या. हात खाली आला आणि डोकं चालू झालं. रस्ता ओलांडून ती वाचनालयात आली. वही स्वतःकडे ओढली आणि मागं मागं गेली. एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. मग शहाऐंशी. मधल्या फाटलेल्या कडेवरून तिनं एकदा बोट फिरवलं. तात्या समोर बसून तिच्या त्या बोटाकडे बघत होते. तिनं वही हळूच मिटली, त्यांच्या बाजूला सरकवली आणि निघून गेली.

त्यानंतर तात्यांनी देवापुढं हात ठेवून शपथ घेतली की आता मरेपर्यंत खोटं बोलायचं नाही. उशिरा घेतली, पण घेतली.

पंधरा दिवसांत सोपानराव पाहुण्याला घेऊन वाचनालयात आले. तळेगावचे यशवंतराव, नवऱ्या मुलाचे चुलते. "हे आमचे धोंडीबा. पोरीला ल्हानपनापासनं बघत्यात. इचारा काय इचारायचं त्ये," एवढं म्हणून सोपानराव फोन घ्यायला रस्त्यावर गेले. यशवंतरावांनी वहीत सगळं नीट लिहिलं आणि मांडी ठोकून बसले.

"आमच्यात सुनेनं घराबाहेर जायची पद्धत नाही. आधीच सांगून ठेवतो. तर, मुलगी कशी आहे?"

तेवढ्यात साधना आली. दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या. परराष्ट्र धोरणाची, हेरखात्याची, घरी नेलेली सगळी. तिनं पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि पाहुण्यासमोर तात्यांकडे बघून म्हणाली, "सांगा ना तात्या. मागच्या माणसाला सांगितलंत, तेच सांगा."

यशवंतरावांच्या भुवया वर गेल्या. "मागचं कोण?"

"एक आलं होतं दिल्लीचं. मोडलं," साधना म्हणाली.

तात्यांना कळलं. तिला माफी नको होती, खुलासा नको होता. चिनी इंजिनिअर हवा होता. हे स्थळ मोडायला तेच खोटं, त्याच तोंडानं, एवढं एकदाच. तिचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळलेले. बाहेर सोपानरावांचा फोनवरचा आवाज मोठा झाला, जवळ आला.

तात्यांना शपथ आठवली. गावातले काही भले लोक म्हणतात की म्हातारा शपथेला जागला. मी म्हणतो, बाहेरच्या आवाजाला घाबरला. काही का असेना.

"पोरगी सोन्यासारकी हाय," तात्या म्हणाले. "कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. खोटं म्हनून बोलत न्हाई. आईबापाच्या शब्दाभायेर न्हाई. असली पोरगी धा गावात घावनार न्हाई तुमाला." सगळं खरं. सप्टेंबरात सांगायचं ते सगळं त्यांनी डिसेंबरात सांगितलं.

"मग काय, झालंच की," यशवंतराव म्हणाले.

साधनानं पिशव्या रिकाम्या केल्या, घडी घालून काखेत धरल्या. दारातून तात्यांनी सवयीनं हाक मारली, "पोरी, सही..." ती थांबली नाही.

माघात लग्न झालं. आता संक्रांतीला, दिवाळीला साधना माहेरी येते. गेल्या खेपेला कडेवर एक होतं. वाचनालयाच्या दारावरून गेली तेव्हा तात्या उठून उंबऱ्यापर्यंत आले होते. ती समोरच्या गिरणीत शिरली आणि सोजराबाईच्या हातात तिळगूळ ठेवून तिच्या पाया पडली.